रंगनाथमामांचं अर्थिंग

रंगनाथमामा बॅटरीची नाडी बघायचे. बॉनेट उघडायचं, हाताची दोन बोटं बॅटरीच्या दोन टोकांवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि भोवतालच्यांना दुसऱ्या हातानं गप्प करायचं. मग निदान यायचं, "करंट हाय. पण मूडमधी नाय." बोटं लावून गाडीच्या बॅटरीचं काहीही कळत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगणाऱ्याला ते म्हणायचे, "तुला नाय कळत. मला कळतं."

मामांची अख्खी नोकरी वीज खात्यात गेली. त्यामुळे विजेशी आपलं रक्ताचं नातं आहे, असं त्यांना वाटे. खात्यात ते बिलांवर शिक्के मारत. पण हर्सूलच्या आमच्या गल्लीत कोणाचा पंखा फिरेना झाला की मामा बोलावण्याची वाट न बघता पेचकस घेऊन हजर होत, आणि ते येऊन गेल्यावर पंख्यासोबत ट्यूबही बंद झालेली असे. "आपल्याला करंटचा वास येतो," असं ते अभिमानानं सांगत. वास यायचा खरा. तो जळलेल्या वायरचा असायचा.

मामीची रोपवाटिका होती. मिरची, वांगी, कोबीची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि पैठणच्या आठवडी बाजारात न्यायची. त्यासाठी तिनं स्वतःच्या कमाईतून एक जुनी पिकअप घेतली होती. मामा तिला 'तुझं डबडं' म्हणत, पण स्टिअरिंगवर आणि बॉनेटखाली दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

एका दसऱ्यानंतर त्या गाडीचं बिनसलं. काल चाललेली गाडी आज सकाळी किल्ली फिरवली की नुसती कण्हायची. मामांनी नाडी बघितली, बॅटरीला दोष दिला, नवी बॅटरी आणली. ती नवीही आठवड्यात तशीच कण्हायला लागली. समोर एक लाल दिवा सारखा लुकलुकत असे. मामीनं विचारलं, "अहो, हा दिवा कामून लागतोय?"

"चार्जिंग चालू हाय म्हणून. मोबाईलला लागतो ना लाल, तसाच."

मग रोज सकाळी गाडीला धक्का मारणं सुरू झालं. मामा आत बसून, काच खाली करून हुकूम सोडायचे, "जोर लावा, जोर! ताकद नाय व्हय कोणात?" मागून पदर खोचून मामी ढकलत असे, सोबत मी आणि तावडीत सापडलेला कोणीही. थोड्याच दिवसांत गल्लीतली माणसं दुसऱ्या रस्त्यानं कामाला जायला लागली.

रोपं मात्र थांबत नाहीत. ट्रेमध्ये ती उंच झाली, पिवळी पडली. पैठणची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. आणि अशा वेळी मामांनी जाहीर केलं, "गाडीचा जीव गेला. भंगारात द्यायची." मामीला न विचारता त्यांनी भंगारवाल्याला निरोपसुद्धा धाडला. मला त्यांचा तेव्हा खरोखर राग आला होता. मामी भांडली नाही. ती रिक्षा करून गुलमंडीकडे गेली आणि तिथल्या एका बोळातून इसाकभाईंना घेऊन आली. इसाकभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे.

ते आणि भंगारवाला एकाच वेळी दारात उभे राहिले. इसाकभाईंनी मीटर लावला, टॉर्च घेऊन आत डोकावले आणि विचारलं, "ये कलर कौन मारा?"

मामांची छाती फुगली. "मी! दसऱ्याला. बाजारचं काम नाय हे. एकेक बोल्ट खोलून आतून बी दोन हात मारलेत. लक्ष्मी हाय ती. पूजेला तशीच गंजकी उभी करायची व्हय?"

"बहुत अच्छा मारे साब. अर्थिंग के नीचे बी मारे," इसाकभाई म्हणाले.

बॅटरीची जाड काळी तार जिथे गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं बसते, तिथे मामांनी तार काढून लाल तेलरंग दिला होता आणि वाळल्यावर तार पुन्हा त्याच रंगावर आवळली होती. रंगातून करंट जातो कशाला? डायनामो बिचारा करंट बनवत होता, पण तो बॅटरीपर्यंत धड पोचत नव्हता. इसाकभाईंनी तेवढीच जागा खरवडून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला आणि नवी बॅटरी जरा चार्ज करून घेतली. मामीनं स्वतः किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, लाल दिवा गेला.

"मी म्हणलंच व्हतं," मामा म्हणाले, "अर्थिंगचा प्रॉब्लेम हाय."

भंगारवाला अजून उभाच होता. "मग काय न्यायचं, मावशी?"

मामी गाडीतून उतरली. "गाडी नाय द्यायची. हे उभे हैत, बघा कायी वजन भरतंय का."

सगळे हसलो. मामाही मोठ्यानं हसले. विनोद भंगारवाल्यावर आहे असं त्यांना वाटलं असावं.

पुढे मामांनी ही गोष्ट जिथे तिथे सांगितली. दर वेळी तिच्यातले इसाकभाई थोडे आक्रसत गेले. आधी ते मदतनीस झाले, मग टॉर्च धरणारे, मग त्यांचं नावही उरलं नाही. रंग तर म्हणे आधीच्या मालकानं दिला होता.

गेल्या वर्षी मामा गेले. दहावा पैठणला, गोदावरीच्या घाटावर केला. तिथे खात्यातले त्यांचे एक जुने सोबती मामीजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, लई जाणकार माणूस गेला. भंगारात चाललेली गाडी त्यांनी एका बोल्टावर चालू केली म्हणं."

मी मामीकडे बघितलं. ती जीभ मला माहीत होती.

मामीनं डोळे पुसले. "व्हय," ती म्हणाली, "त्यांनीच केली."

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तिनं माझ्याकडे डोळे वटारले.