पोळ्याच्या मानाचा कागद

शालिग्रामनाना म्हणजे सरळ माणूस, असं आख्खं गाव म्हणतं. म्हणू दे. नाना निवृत्त तलाठी, अंगात परीटघडीचा सदरा, आणि आता गावच्या इतिहास मंडळाचे सचिव. देवळातले जुने दगड पुसून बघतात, म्हाताऱ्यांना बोलतं करतात, मोडी वाचतात. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव एवढं मोठं, पण मोडी येणारा माणूस तेवढा एकच. तिथेच माझं डोकं ठणकतं.

मंडळाला खोली दिली खतवाल्या रुपचंदने. आणि रुपचंद उभा सरपंचपदाला. फुकट कोण देतं हो? मंडळ गावाचं पुस्तक काढणार, त्यात पोळ्याला पहिला बैल कोणाचा तेही छापणार, म्हटल्यावर मी सावध झाले. वेशीचं तोरण आमचाच बैल तोडतो, आजेसासऱ्यांपासून. त्याचा कागद माझ्या पेटीत आहे, मोडीतला. घरात कोणालाच तो वाचता येत नाही, पण चाळीस वर्षं दर दिवाळीला मी त्याला हळदकुंकू वाहते.

नाना तीनदा कागद मागायला आले, तीनदा मी चहा पाजून वाटेला लावलं. चौथ्यांदा म्हणाले, पुरावा नसेल तर पुस्तकात ती जागा कोरी सोडू. माझं पित्तच खवळलं. कागद आणून त्यांच्या पुढ्यात टाकला.

वाचता वाचता त्यांनी छगनकडे पाहिलं. छगन आमच्या शेतात कामाला, ओट्यावर बैलाची झूल शिवत बसला होता. त्याला पाणी आणायला पाठवून नाना हळूच म्हणाले, "अक्का, मान छगनना घरना शे. त्यासना बैल लंगडा व्हता, म्हनीसन एक सालपुरता तुमले दिन्हा."

मी दाराकडे पाहिलं, छगन अजून आला नव्हता. कागदाची घडी घालत ते म्हणाले, "मी कोणले सांगत नही. तुमना घरना अकरा मतं शेतस, रुपचंदभाऊनी आठवण ठेवा."

खरं वाचलं की मला गुंडाळलं, देव जाणे. धुळ्याला मोडी वाचणारे आहेत, एस.टी.ने तासाभराची वाट. उद्या जाईन म्हणता म्हणता मतदान झालं. अकराही मतं रुपचंदला गेली.

पोळ्याला तोरण आमच्याच बैलाने तोडलं. पुस्तकातही तसंच छापलंय. कासरा छगनने धरला होता, दरवर्षी तोच धरतो. यंदा मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. धुळ्याची गाडी रोज सकाळी वेशीवर थांबते. मी अजून गेलेले नाही.