साक्षीदाराचं नाव

चहा घ्या, पण कप खाली ठेवून ऐका, नाहीतर सांडाल. मी अशी काही माती खाल्लीय की माझा नवरा अजूनही भिंतीकडं तोंड करून हसतो!

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. सुरतेत साड्यांच्या एका मिलमध्ये मी घडीखात्यात होते. साडीची घडी घालायची, डब्यात भरायची. आमचा सुपरवायझर जयेशभाई. गुजराती बायकांना कसा बोलवायचा? "हंसाबेन", "कोकिळाबेन". आणि आम्हा खानदेशी बायकांना सरसकट एकच हाक, "ए मराठी!"

अहो, आम्ही तिथं नऊ जणी! एक हाक आली की नऊ माना वर. आम्हाला काय आईबापानं नावं ठेवली नव्हती?

एक दिवस माझं डोकंच फिरलं. ठरवलं, नावानं हाक येईपर्यंत बघायचंसुद्धा नाही.

"ए मराठी, पार्सल कुठंय?"

मी आपली घडी घालतेय.

"ए मराठी! बहेरी छे के?"

मी घडी घालतेय. शेवटी तो समोर येऊन उभा राहिला. म्हटलं, "माझं नाव उषा. इथं बेन म्हणायची पद्धत आहे ना? मग उषाबेन म्हणा."

"उद्यापासून येऊ नकोस!"

झालं! नवऱ्याच्या कारखान्यात मंदी, घरात दोन पोरं, आणि मी नोकरी घालवून बसले. घाबरलेच, खोटं कशाला बोलू? मैत्रिणी म्हणाल्या, "उषे, माफी माग." म्हटलं, "माफी? कशाची? नाव असल्याची?" आणि तडक निघाले शेठकडं, लेखी तक्रार द्यायला.

आता साक्षीदार हवा. मैत्रिणी लागल्या मान खाली घालून घड्या घालायला. पुढं कोण आला? ताके वाहून आणणारा ओरिसाचा हमाल. चार वर्षं कापडाचे ताके माझ्या टेबलावर आणून ठेवायचा, आणि अख्ख्या खात्यात तोच एकटा मला 'उषाबेन' म्हणायचा. "मैं बोलूँगा, उषाबेन," म्हणाला. त्याचीही नोकरी गेली असती, बरं का!

केबिनमध्ये शेठ, समोर जयेशभाई, माझ्या मागं तो हमाल. मी असं भाषण ठोकलं! "शेठ, माणसाला नावानं न बोलावणं म्हणजे त्याला माणसात न धरणं! हे मी खपवून घेणार नाही!" माझंच मला भरून आलं हो.

शेठनी कागद ओढला. तक्रार कोणाची? उषाबेनची. कोणाविरुद्ध? जयेशभाई.

"साक्षीदाराचं नाव?"

मी मागं वळून त्याच्याकडं बघितलं.

चार वर्षं मी त्याला काय म्हणत होते? "ए ओरिया, ताका आण!" "ए ओरिया, सरक तिकडं!" माय वं!

"याला... ओरिया म्हणतात," मी पुटपुटले.

"कोण म्हणतं?"

"मी."

जयेशभाई तर टेबलाला धरून हसायला लागला. तो बिचारा हमाल जमिनीकडं बघत म्हणाला, "पूर्णचंद्र. लिखिए, शेठ."

शेठनी माझ्याकडं पाहिलं. "मग बेन, तक्रार मागं घेता?"

तुम्हाला काय वाटलं, घेतली? छट्! लाजेनं कान तापले होते, तरी ठणकावलं, "का म्हणून? मी चुकले म्हणून यांचं बरोबर ठरतं का? जयेशभाईंच्या खाली माझंही नाव घाला!"

शेठनी खरंच घातलं. माझी नोकरी राहिली, पूर्णचंद्रभाईंचीही राहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्यासमोर जयेशभाईनं माझी माफी मागितली, आणि लगेच मी पूर्णचंद्रभाईंची.

आहे का तुमच्यात कोणी असं? स्वतःच्याच विरुद्ध तक्रार केली, आणि वर ती जिंकले!