बारा फॉर्म, चार पेनं

बारा मुलाखतींपैकी एकही मी घेतली नव्हती. बाराही फॉर्म घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून मीच भरले, एका रविवारी, जेवणापासून दुपारच्या चहापर्यंत. चार पेनं वापरली. तरी अक्षर एकाच माणसाचं दिसत होतं, म्हणून शेवटचा, एका आजोबांच्या नावाचा फॉर्म डाव्या हाताने लिहिला.

मी वसई पूर्वेला, गोखिवऱ्याच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. चोवीस वर्षं झाली. कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर आहे ते मला डोळे मिटून सांगता यायचं. मग सॉफ्टवेअर आलं आणि मी माझ्याच स्टोअरमध्ये पाहुणा झालो. म्हणून पन्नाशीला टेकल्यावर नोकरदारांसाठीच्या कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी वर्ग. शिकवणारे सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "आधी माणसांना विचारा, मग कोड लिहा." मी ते वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघही ओढली होती.

शेवटचा प्रोजेक्ट दोघांनी मिळून करायचा होता. माझी जोडीदार बँकेत काम करायची, वसईच्या पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावातली, चाळिशीच्या अलीकडची. रविवारी चर्चमधली पहिली मिसा आटोपून ती तशीच स्कूटरवरून वर्गाला यायची. ही पदवी हातात आली की बँकेच्या कॉम्प्युटर विभागात तिची बदली होणार होती, आणि त्या जागेची ती चार वर्षं वाट बघत होती. हे मला ठाऊक होतं. आता लिहितोय तर तेही लिहितो, की फॉर्म भरताना मला ते ठाऊक होतं.

विषय माझाच. वसईजवळच्या निर्मळ गावात माझी थोरली बहीण दिली आहे. तिच्या वाडीत सोनचाफा आहे. आजूबाजूच्या बागायतदारांची फुलं एकाच टेम्पोतून बाजारात जातात. कुणाची किती फुलं येणार हे टेम्पोवाल्याला आदल्या संध्याकाळी मोबाइलवर कळावं, अशी आमची सिस्टिम. कोड ती लिहिणार, माणसांना मी विचारणार आणि बारा जणांच्या मुलाखतींचे फॉर्म भरून आणणार.

मी का विचारलं नाही? आळस म्हटलं तर सुटका होईल, पण तेवढंच नव्हतं. कारखान्यात ऑडिट आलं की आम्ही तीन-तीन महिन्यांच्या चेकलिस्ट एका दुपारी भरतो. तापमान, सफाई, सही. कुणाला त्यात गैर वाटत नाही. मलाही वाटलं नाही. ताईच्या वाडीतलं सगळं मला माहीतच आहे, विचारायचं काय, असं मी धरून चाललो.

पहिलं सादरीकरण छान झालं. जोडीदाराने ताईच्या नावाचा फॉर्म वाचून दाखवला, "उद्याच्या फुलांचा आकडा संध्याकाळी सहापर्यंत कळवता येईल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तुमच्या ताई किती नेमकं बोलतात हो!"

मी पाणी प्यायलो.

तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा ती म्हणाली, "एकदा ताईंच्या हातात फोन देऊन बघू या ना. आज वर्ग सुटला की निघू." टाळायला मला कारण सुचलं नाही. तिच्या स्कूटरच्या मागे बसून मी निर्मळला गेलो. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. केळीच्या वाड्या लागल्या, तळं आलं, वाडीचं फाटक आलं. मी उतरून फाटक उघडलं.

ताई पडवीत केळीची पानं पुसत बसली होती. जोडीदाराने तिला फोनवर रकाना दाखवला. "उद्या किती फुलं निघतील ते इथे लिहायचं."

ताई हसली. "उद्याची फुला आज कोन सांगनार गो? कळी काय मला इचारून फुलते? वारा सुटला, आभाळ आला, की पन्नास इकडं न् पन्नास तिकडं."

"पण तुम्हीच तर फॉर्ममध्ये सांगितलंत, संध्याकाळी सहाला…"

"कोनता फॉर्म?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं असेल कोण जाणे. पानं पुसायचं थांबवून ती म्हणाली, "हां हां, तो होय. सांगितला असंन मी. म्हातारी झाले, इसरते."

लहानपणी मी फोडलेली बरणीसुद्धा तिने स्वतःच्या अंगावर घेतली होती. पण तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.

"ती खोटं बोलतेय," मी म्हणालो. "फॉर्म मी लिहिले. सगळे. कुणालाच विचारलं नाही."

जोडीदाराने फोन बंद करून पर्समध्ये ठेवला. मग तिने विचारलं, "बाराही?"

"बाराही."

"आणि ते वाकडं अक्षर? त्या आजोबांचं?"

"डाव्या हाताचं."

"वा," ती म्हणाली. "मेहनत तरी घेतलीत." स्कूटरला किल्ली लावून ती निघून गेली. मी वसईला बसने आलो.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन करून सगळं सांगितलं. चूक माझी, तिला पास करा, असंही म्हणालो. ते म्हणाले, "सिस्टिम एकच आहे. अर्धी खरी कशी धरू?" दोघांनाही एक सत्र मागे ठेवलं. तिची बदलीही तेवढीच लांबली. पुढचे दोन रविवार ती माझ्यापासून तीन बाकं दूर बसली.

तिसऱ्या रविवारी वर्ग सुटल्यावर तिने माझ्यापुढे कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ठेवला. "एकच पेन आणलंय," ती म्हणाली. "चला."

मग आम्ही खरंच विचारत फिरलो. कळलं ते असं. आकडा कळतो तो पहाटे, फुलं खुडून मोजताना, आणि तेव्हा दोन्ही हात फुलांनी भरलेले आणि दवाने भिजलेले असतात. रकाना कोण भरणार? बायका मोजणी मोठ्याने म्हणतात, "शंभर झाले, दोनशे झाले." म्हणून आम्ही रकाना काढून टाकला आणि बोललेला निरोप टेम्पोवाल्याकडे जाईल असं केलं. तिला निम्मा कोड नव्याने लिहावा लागला. तो लिहिताना ती मला अधूनमधून टोमणे मारायची, आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं.

परीक्षेत सरांनी गठ्ठा चाळला आणि ताईचा फॉर्म काढला. तिने तो स्वतः लिहिला होता. 'आणखी काही सांगायचे आहे का?' या प्रश्नाखाली तिची ओळ होती, 'प्रश्न लय हायेत. चहा दोनदा ठेवावा लागला.' सर मोठ्याने हसले. मग जोडीदाराला म्हणाले, "आता सांगा, रकाना का काढलात?" ती वीस मिनिटं बोलली. मी एकदाही पाणी प्यायलो नाही.

आम्ही पास झालो. पुढच्या महिन्यात तिची बदलीही झाली. कारखान्यात परवा ऑडिट होतं. चेकलिस्टमधल्या न तपासलेल्या दहा दिवसांचे रकाने मी कोरेच ठेवले आणि साहेबांची बोलणी खाल्ली. ते तिला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "दादा, बोलणी कुठल्या हाताने खाल्लीत?"