कामटीचं टोक

मार्कंड्याजवळच्या त्या गावात गोकुळाच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. चामोर्शीच्या बाजारात मासळी विकताना ती पोलिसालाही दोन शब्द सुनवायची. पण दोन हजार एक साली नागपूरच्या दवाखान्यात नवऱ्याच्या खोट्यापायी तिची दातखीळ बसली.

तिचा नवरा इस्तारी नदीत मासे धरायचा. बांबूच्या कामट्यांचा सापळा वाळूतून उपटताना तो घसरला आणि त्यावरच तोंडघशी पडला. भुवईखालची जखम आठ दिवसांत भरली, गोकुळाला हायसं वाटलं. तिथंच फसगत झाली. महिन्याभरात डोळा सुजून पुढं आला, जखम फुटून पू वाहू लागला. गोळ्या घेतल्या की थांबायचा, संपल्या की पुन्हा हजर.

नागपूरच्या दवाखान्यातही एक्स-रेत काहीच नव्हतं. "कशावर पडलात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दगडावर," इस्तारी म्हणाला.

बांबू राखीव जंगलातून चोरून तोडलेला. कागदावर आला की जंगलवाले दारात, या धास्तीनं त्यानं तीन दवाखान्यांत हाच दगड सांगितला होता. मोठा शहाणाच!

"पू मागं पसरला तर डोळा जाईल, जिवावरही बेतेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

गोकुळा पुढं झाली. "दगड नाई, बाई. बांबू होता, चोरीचा. मले जेलात टाका, पन यायचा डोळा वाचवा."

"अहो, बांबू एक्स-रेत दिसत नाही! आधी सांगायचं ना!"

सीटी स्कॅनमध्ये डोळ्यामागं बारीक काळी रेघ दिसली. एरवी हवा समजून कुणीही सोडून दिली असती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं.

गोकुळा दाराशी उभी राहिली ती हललीच नाही. दोन तासांनी नर्स वाटीत कामटीचा तुकडा घेऊन बाहेर आली. "बाई विचारतात, हा अख्खा आहे का?"

गोकुळानं तुकडा उजेडात धरला. दोन्हीकडून मोडलेला.

"याले टोक नाई. वाळूत रुतावं म्हणून एकेका कामटीले मीच टोक काढलं होतं. थे आतच हाये!"

नर्स धावत आत गेली. आता डोळ्याचं काय होतं, या विचारानं गोकुळाचा जीव टांगणीला लागला. अर्ध्या तासानं वाटी पुन्हा आली, तळाशी गव्हाएवढं टोक. "डोळा शाबूत आहे म्हणाल्या बाई."

गोकुळानं दोन्ही तुकडे तळहातावर जुळवले. मग ते टोक बोटावर दाबून पाहिलं. अजून टोचत होतं. ती तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडली.