रविवारचे सर

पटावर बावन्न नावं आणि वर्गात आम्ही पाच जण, तरी सर पूर्ण हजेरी घेत. दूरशिक्षणात हजेरीची सक्ती नसते, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एकेक नाव ते सावकाश वाचत, उत्तराची वाट पाहत आणि उत्तर आलं नाही की "असतील कामात" असं स्वतःशीच म्हणून पुढे जात. यात पंधरा मिनिटं सहज जायची. कशेळ्याहून येणाऱ्या एकाला परतीच्या जीपची घाई होती. हे सगळं कशाला, असं त्याने एकदा विचारलंच. सर म्हणाले, "अहो, फी भरून माणूस वर्षभर नुसता नंबर होऊन राहतो. आठवड्यातून एकदा तरी कुणी त्याला नावाने हाक मारावी." त्या दिवशी त्याची जीप चुकली.

सोमवार ते शनिवार ते कर्जतच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवत आणि रविवारी त्याच खोलीत आमच्यासारख्या मुक्त विद्यापीठवाल्यांना. आम्ही म्हणजे कुणी टेंपो चालवणारा, कुणी फार्महाऊसचा वॉचमन, आणि मी लोधिवलीजवळच्या एका वाडीतली अंगणवाडी सेविका. कॉलेजातल्या मुलांना सर अरेतुरे करत, आम्हाला मात्र अहोजाहो. ती पोरं आईबापांनी पाठवलेली, तुम्ही आपल्या पायांनी आलेले, असं त्यांचं म्हणणं. रमजानात स्वतः रोजा धरून ते आमच्यासाठी चहा मागवत आणि तो निवायच्या आत प्यायला लावत. दूरशिक्षणाची त्यांची व्याख्या ठरलेली होती: "विद्यार्थी दूर, शिक्षक दूर आणि शिक्षण त्याहून दूर." ही परीक्षेत लिहू नका, असंही ते बजावत. एकाने लिहिलीच, आणि तो पास झाला.

माझं पहिलं वर्ष कोरोनातलं, म्हणून वर्ग मोबाइलवर. सर पांढरा सदरा घालून, मागे फळा ठेवून बसत आणि सगळ्यांनी तोंडं दाखवलीच पाहिजेत असा आग्रह धरत. माझ्याकडे रेंज फक्त अंगणवाडीच्या पाण्याच्या टाकीजवळ यायची, त्यामुळे मी समाजशास्त्राचं पहिलं वर्ष टाकीला टेकून उभ्याने केलं. एकदा आमच्यातला टेंपोवाला चालत्या टेंपोतूनच वर्गाला बसला होता. त्याच्या मागे झाडं पळताना दिसली तशी सरांनी शिकवणं थांबवलं. "टेंपो बाजूला घ्या. मी कुठे पळून जात नाही," असं ते म्हणाले आणि टेंपो उभा राहीपर्यंत खरोखरच गप्प बसून राहिले.

शेवटच्या वर्षाला 'माझ्या गावाचा अभ्यास' हा प्रकल्प होता. स्टेशनजवळच्या एका दुकानात तो तयार मिळायचा. त्यात गावाच्या नावाची जागा तेवढी कोरी असे. वर्गाला येणाऱ्या-न येणाऱ्या आम्ही सगळ्यांनी तोच उतरवून काढला. उतरवताना वाचायचं असतं, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. गावाच्या उत्तरेला संत्र्यांच्या विस्तीर्ण बागा असून तोच गावकऱ्यांचा मुख्य व्यवसाय आहे, असं त्यात होतं. भातखाचरांच्या आमच्या मुलखात एका वर्षात नऊ गावांना संत्री लागली.

सर रागावले नाहीत. त्यांनी माझी वही घेतली, पत्ता पाहिला आणि येत्या गुरुवारी बाग पाहायला येतो म्हणाले. मला वाटलं, थट्टा असेल. गुरुवारी अंगणवाडीतून घरी आले तर ओट्यावर सर बसलेले आणि माझी सासू त्यांना पाणी देत होती. मला पाहून ती म्हणाली, "अगं सुनंदा, ह्ये सर संत्र्याची बाग बगाया आलं हायत. आपल्याकडं तं एकच पेरू हाय, त्यो बी किडका." सरांनी तो किडका पेरू आवर्जून मागून घेतला, चांगला भाग खाल्ला आणि मग वाडी बघायला निघाले. मी खाली मान घालून मागून चालत होते. दोन्ही बाजूंना कुंपणं, आत बंगले, आणि फाटकावर बसलेला प्रत्येक वॉचमन मला वहिनी म्हणून हाक मारत होता. तिसऱ्या फाटकाशी सरांनी विचारलं, ही जमीन आधी कुणाची होती. मी म्हटलं, त्या वॉचमनचीच. सर थांबले. "मग ताई, हे सोडून तुम्ही संत्री कशाला लिहिलीत?"

त्या दिवसापासून मी घरोघर जाऊन लिहू लागले. कुणी जमीन कधी विकली, कुणाला पुढे तिथेच काम मिळालं, कुणाच्या बायका त्याच बंगल्यांत भांडी घासतात. इतरांनी संत्री खोडून तिथे भात लिहिला आणि हताश होऊन सरांनी त्यांच्या वह्यांवर सह्या केल्या. माझी वही मात्र त्यांनी तीनदा परत दिली. प्रत्येक वेळी समासात एकच प्रश्न असे, हे पाहिलंत की ऐकलंत? तिसऱ्यांदा वही परत आली तेव्हा मुदत संपून गेली होती. सर म्हणाले, जाऊ द्या एक वर्ष, पण काम चोख होऊ द्या. मी मान डोलावली.

खरं तर मला ते वर्ष घालवणं परवडणारं नव्हतं. पदवी झाली की सेविकेतून बऱ्याच अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका होता येतं, त्यासाठीच मी शिकत होते. पण त्याला वयाची अट होती आणि मी तिच्या अगदी कडेला उभी होते. सरांना हे सांगितलं नाही. तरुण पोरांदेखत वय सांगायची लाज वाटली, हे एक. आणि त्या वहीत मीही अडकले होते. पुढच्या वर्षी तिला केंद्रातले सगळ्यात जास्त गुण पडले. मुख्यसेविकेच्या जागा निघाल्या तेव्हा मी पाच महिन्यांनी मोठी ठरले. काही दिवस मला सरांचा भयंकर राग आला होता, आणि तो ज्याच्यापाशी बोलून दाखवावा असा माणूसही तेच होते.

सर निवृत्त होऊन श्रीवर्धनकडे आपल्या गावी गेले. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. आवाज इतका बारीक झाला होता की पहिल्यांदा ओळखलाच नाही. आजारी असल्याचं त्यांनी ओझरतं सांगितलं आणि मग म्हणाले, "ताई, तुमच्या वयाचं मला फार उशिरा कळलं. मी तेव्हा सही करून टाकायला हवी होती. ती जागा तुमच्या हातून गेली ना?"

"नाही, सर. वयाची अट शिथिल झाली. मिळाली मला जागा," मी म्हटलं.

"कधी?"

"मागच्या जूनमध्ये. पंचवीस अंगणवाड्या आहेत माझ्याकडे."

पलीकडे सर हसले आणि घरातल्या कुणाला तरी ओरडून सांगू लागले, त्या लोधिवलीच्या ताई साहेब झाल्या, पंचवीस अंगणवाड्या आहेत त्यांच्याकडे. दीड महिन्याने ते गेल्याचं कळलं. मी आजही त्याच वाडीत सेविका आहे, आणि त्या पंचवीस अंगणवाड्यांचा मला जराही पश्चात्ताप नाही.