गाळलेलं पान

वर्सोव्याच्या चांगुणाबाईंना वाचता येत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा होडीसकट समुद्रात हरवला. प्रेत मिळालं नाही, म्हणून हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच आहेत. दुपारी त्या दोरीवर बोंबील वाळत घालतात आणि लेक नमिता कादंबरी वाचून दाखवते. गोष्टीतल्या बाईचाही नवरा असाच समुद्रात हरवलेला.

काल नमिताने दोन पानं एकदम उलटली.

"काय गाळलंस गं?"

"काही नाही, आये."

"अडाणी असेन, आंधळी नाही. वाच."

नमिताने पान मागे उलटलं आणि वाचलं. गोष्टीतल्या बाईने वाट पाहणं सोडलं होतं आणि दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या होत्या.

चांगुणाबाईंच्या हातातला बोंबील हातातच राहिला. मग त्यांनी तो दोरीवर टाकला.

"घाई केली तिने," त्या म्हणाल्या. "पुढे वाच. नंतर ती जगली कशी, ते सांग."