फिनेलचा वास आणि दहावी पेटी

पहाटेच्या एस.टी.ने आजऱ्याहून निघाले, तेव्हा नवरा म्हणाला, "जुन्या मधपेट्या आणायला थेट धारवाड?"

"मग काय! घरचं मोहोळ आज-उद्या फुटेल. जादा पेटी नसली तर अर्ध्या माश्या रानात जातील, मग बस बोंबलत!"

आधी हुबळीला उतरले. गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपात मध काढायचं जुनं यंत्र मिळालं. दांडा फिरवताच पिंप गरगर फिरलं. "नोडरी (बघा), ताई, कुठं कुरकुरतंय?" वर्कशॉपवाले अण्णा म्हणाले. आनंदाच्या भरात मी समोरच्या गाड्यावर गिरमिटाच्या (तिखट चुरमुऱ्यांच्या) दोन बश्या फस्त केल्या आणि टेंपो ठरवून धारवाड गाठलं.

तिथं अप्पा, म्हणजे निवृत्त मास्तर, पेट्या विकणार होते. गेल्या उन्हाळ्यात माश्या उडून गेल्या, तेव्हापासून ते रुसलेले. "पुन्हा या फंदात पडणार नाही," असं त्यांनी फोनवरच बजावलं होतं. अंगणात नऊ पेट्या उन्हात लखलखत होत्या. मी वाकले मात्र, नाकात फिनेलचा भपकारा!

"पाहुण्यांना मळक्या पेट्या कशा द्यायच्या हो?" त्यांच्या पत्नी, अक्का, कौतुकानं म्हणाल्या. "सकाळपास्नं घासल्या."

अप्पांनी कपाळाला हात लावला. "अगं, त्या जुन्या मेणाच्या वासालाच तर माश्या येतात!"

"मग आधी सांगायचं की! एक राहिलीय विहिरीमागं. लई मळकी."

आम्ही तिकडे गेलो आणि मी किंचाळलेच. अगं बाई गं! हवेत माश्यांचा ढग घोंघावत होता आणि त्या मळक्या पेटीत रांगेनं शिरत होता. अख्खं मोहोळ!

"ही पण तुमचीच. दहांचा शब्द दिलाय," अप्पा म्हणाले. बघत मात्र पेटीकडेच होते.

माझ्या मनात लाडू फुटले. पण माश्या भरलेली पेटी उचलायची ती तिन्हीसांजेनंतर, सगळ्या घरी परतल्यावर. टेंपोवाल्याला थांबवून आम्ही बसलो. अप्पांनी स्टूल ओढलं. "बघा, दारात पंख हलवून मागच्यांना बोलावतायत!" त्यांचं जेवण राहिलं, चहा निवला. अक्का माझ्या कानाशी लागल्या, "वर्षानं एवढं बोलतायत हो."

अंधारू लागलं. पेटीचं दार बंद करायला अप्पांनी ओलं फडकं घेतलं आणि हात तसाच राहिला. मला ती पेटी किती हवी होती म्हणून सांगू! जीव तुटत होता.

"अप्पा," मी म्हटलं, "ही नको मला. फारच मळकी आहे."

अप्पा उठले. आत जाऊन जुन्या मेणाचा गोळा घेऊन आले. "बाकीच्यांना आतून चोळा. भरपूर चोळा."

घरी नवऱ्यानं नाक दाबलं, "दवाखाना लुटलास काय?" मी त्याच्या हातात मेण ठेवलं. मोहोळ फुटलं तेव्हा मेण चोळलेल्या एका पेटीत माश्या घातल्या आणि फिनेलच्या वासानं पळतील या धास्तीनं रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पाहते तर दारात त्या पंख हलवत होत्या! आपण आणायला जातो एक आणि घेऊन येतो भलतंच काही, असं मनाशी म्हणत धावत जाऊन धारवाडला फोन लावला.

"अप्पांना द्या ना, अक्का!"

"ते होय? विहिरीमागं आहेत. आत्ता हाक मारली तर माझ्यावरच खेकसतील हो," अक्का हसत म्हणाल्या.